मदत हवी आहे: लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स करायचंय, कमी पावसाच्या भागाचं नीट शिकायला कुठे जाऊ? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. बी.आर्क (आर्किटेक्चरची पदवी) झालंय, आर्किटेक्चर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालंय, सध्या इथेच एका ऑफिसात काम करते. बंगले, रो हाऊस, मधेच एखादं मंगल कार्यालय. लँडस्केपमध्ये मास्टर्स करायचं हे डोक्यात पक्कं आहे, कुठे आणि कसं यावर गाडी अडलीय म्हणून इथे विचारतेय. पोस्ट जरा लांबलीय, सांभाळून घ्या.

आधी का करायचंय ते सांगते. जुळे सोलापुरात एका बंगल्याचं काम चालू होतं, मालकांना पुढेमागे मिळून २००० चौरस फूट लॉन हवं होतं. म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं (आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तेही कमीच पडेल) तरी चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे रोजचं ९३० लिटर नुसतं गवताला. आणि आमच्या इथे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. कागदावर हा हिशेब मांडून दाखवला तर मालक काका शांतपणे म्हणाले, बरं मग दुसरं काय करायचं ते तू सांग. कडुलिंब, बहावा, मोगरा एवढं कुणीही सांगेल हो, पण गच्चीवरचं पाणी कुठे जिरवायचं, काळ्या मातीत पेव्हर ब्लॉक टिकवायचे कसे (पावसात माती फुगते, उन्हाळ्यात बोटं जातील एवढ्या भेगा पडतात आणि सगळं खालीवर होतं), उतार कुठून कुठे काढायचा, हे मला नीट शिकायचंय. बी.आर्कला लँडस्केप येऊन जातो तेवढ्यापुरता, त्यावर हे भागत नाही.

आणि प्रश्न एका बंगल्याचा नाहीच. आपल्या गावाकडे बघा ना, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरात, आणि एवढ्यावर जुन्या लोकांनी केवढी पाण्याची व्यवस्था केली होती. मधोमध सिद्धेश्वर तलाव आणि त्याला लागून भुईकोट किल्ला, विजापूर रोडला कंबर तलाव, बाहेर १८७१ सालचा एकरुखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव. मधले ओढे मात्र आता नुसते नाले झालेत, त्यांच्या काठाने काय होऊ शकतं याचा विचार करणारं माणूस गावात पाहिजे की नको? आणि नान्नजचं माळरान! तिथे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, पण अजूनही कुठे मोकळा माळ दिसला की लोक म्हणतात पडीक जमीन, झाडं लावा. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, त्यात राहणारे पक्षी, काळवीट, लांडगे, हे सगळं झाडी वाढली की जातं. हे मला मनापासून लागतं. परत येऊन इथेच काम करायचंय, पुण्या-मुंबईत टाऊनशिपच्या स्विमिंग पूलभोवती पाम लावत बसायचं नाहीये.

तर आता प्रश्न. माझ्यासमोर पुण्याचं बीएनसीए (मुलींचं आर्किटेक्चर कॉलेज) आहे, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आहे आणि दिल्ली, भोपाळचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर). घरच्यांना पुणे बरं वाटतं कारण सकाळी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की दुपारच्या आत पोचते. मला सेप्टचं आकर्षण आहे पण फीचा आकडा बघून बाबा गप्प झाले. गेट (मास्टर्सच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) द्यायची तर नोकरी सांभाळून अभ्यास होतो का, का नोकरी सोडावी? पोर्टफोलिओत माझ्याकडे सगळे बंगलेच आहेत, ते चालतील का? बाहेर देशात जावं का, तिथे शिकलेलं इथल्या मातीला कितपत लागू पडतं? आणि आत्याचा प्रश्न पण टाकते, कारण तो घरात रोज निघतो: "बागकाम शिकायला दोन वर्षं कशाला, माळी ठेव की एक." तिला काय सांगू तेही सुचवा, कारण बाबा तिचं ऐकतात.

प्रतिसाद

ताई, मी लँडस्केपमध्येच मास्टर्स केलंय, मूळचा बार्शीचा, त्यामुळे तुमची काळी माती कळली बरोबर.

गेट द्याच. पेपर 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग'चा, परीक्षा फेब्रुवारीत असते, स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे यंदा दिली आणि पुढच्या वर्षी गेलात तरी वाया जात नाही. दोन्ही एसपीएचे प्रवेश सीसीएमटीच्या (गेटच्या स्कोअरवर जागा देणारी केंद्रीय प्रक्रिया) काउन्सेलिंगमधून होतात. आणि गेटवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड असतो, बाबांना हे आधी सांगा. सेप्टची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र आहे आणि पुण्यासाठी राज्याच्या सीईटी सेलकडे लक्ष ठेवा. नोकरी सोडू नका, रोज सकाळी दोन तास आणि जुने पेपर एवढं नेमाने केलं तरी होतं.

कॉलेजच्या नावापेक्षा मागच्या बॅचचे थिसिस कशावर झालेत ते बघा. शेवटच्या सेमिस्टरला थिसिस असतो, तो तुम्ही सोलापूरवर करू शकता. सगळे थिसिस रिसॉर्ट आणि कॅम्पसवरच दिसले तर समजून जा, ओढे, तलाव, खाणी, गवताळ भाग दिसले तर तिथे तुमचं जमेल.

पोर्टफोलिओत बंगले दोनच ठेवा, आणि एक ओढा घ्या. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एसआरटीएमचा (अवकाशातून मोजलेला) जमिनीच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो, त्यावर एकरुखचं पाणलोट क्षेत्र काढा, मातीचा थर, जमीन वापराचा थर, जुन्या टोपोशीटवरचे (सरकारी भूनकाशावरचे) प्रवाह एकावर एक ठेवा. लँडस्केप आर्किटेक्ट इयन मॅकहार्ग यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हीच थरावर थर ठेवायची पद्धत रूढ केली, आजही शिकवतात. पण एसआरटीएमचा एक चौकोन ३० मीटरचा, त्यात तुमचा ओढा धड दिसणारच नाही. त्यामुळे जागेवर डंपी लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) लावून दहा-बारा ठिकाणी ओढ्याचे आडवे छेद (या काठापासून त्या काठापर्यंतचा उंचसखलपणा) घ्या, आणि तोच छेद मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये काढा. पाणी कुठवर आलं, कुठलं गवत उगवलं, लोक कुठून ओलांडतात, गुरं कुठे उतरतात. पोर्टफोलिओ बघणारे पॅनेलवरचे लोक असं चित्र बघून थांबतात, थ्रीडी व्ह्यू रोज शेकड्याने बघतात ते.

आत्यांना सांगा, झाड जगवणं हे माळ्याचं काम आणि त्यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पावसाचं पाणी घरात न शिरता कुठून जाईल आणि कुठे मुरेल हे ठरवायला शिकायला दोन वर्षं लागतात.

प्रतिसाद

एक व्यवहाराचं बोलते, राग मानू नका. आपल्याकडे लँडस्केपसाठी वेगळा कायदा नाही, १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट फक्त आर्किटेक्ट या नावाला संरक्षण देतो. म्हणजे नर्सरीवाले पण बोर्ड लावून हेच काम करतात आणि डिझाइन झाडांच्या बिलात फुकट देतात. सोलापुरात नुसत्या लँडस्केपवर पहिली काही वर्षं घर चालणं अवघड, बी.आर्कचं काम सोबत ठेवा. इसोलाची (लँडस्केप आर्किटेक्ट्सची भारतातली संघटना) मेंबरशिप घ्या, ओळखी होतात. बाहेरचं म्हणाल तर नेदरलँड्सच्या वाखेनिंगनला चांगला दोन वर्षांचा कोर्स आहे पण तिथे पाणी बाहेर काढायची चिंता आणि तुमच्याकडे पाणी धरायची. खर्च बघता मी तरी आधी इथेच करा म्हणेन.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार, खरंच. राग कसला, हेच ऐकायचं होतं. स्टायपेंडचं बाबांना सांगितलं, ते म्हणाले फॉर्म कधी निघतो बघ. गेट भरतेय, एसपीए भोपाळ आणि दिल्ली दोन्ही डोळ्यासमोर ठेवते, पुणे तर आहेच. ओढ्याचं पण ठरलं, ऑफिसातली डंपी लेव्हल रविवारी मिळेल असं सर म्हणालेत. दादा, एक विचारायचं राहिलं, छेद घेताना बेंचमार्क (उंची मोजायचा पक्का आधारबिंदू) कशाचा धरू? जवळ रेल्वेचा पूल आहे, त्याच्यावर लेव्हल लिहिलेली असते ती चालेल का?