जुन्या फ्रेंच चित्रांत एवढी गुरं कशाला?

रंगवेडी:
१९व्या शतकातली फ्रेंच निसर्गचित्रं बघतेय सध्या. जिथे तिथे गायी नाहीतर मेंढ्या. रिकामी जागा भरायला टाकायचे का, की खरंच गुरांचा अभ्यास करून काढायचे?

कोरा कॅनव्हास:
अगं जागा भरायला कसली! रोझा बोनर या चित्रकर्तीचं फ्रान्सच्या निवेर्ने भागातल्या नांगरणीचं चित्र (१८४९) झूम करून बघ, दोन औतं, प्रत्येकाला सहा बैल, आणि माणसं त्या बैलांच्या आड गेलीयत, म्हणजे हिरो कोण ते कळतंच. सरकारने ऑर्डर देऊन काढून घेतलेलं चित्र आहे ते. ही बाई जनावरांची शरीररचना शिकायला कत्तलखान्यात जाऊन बसायची, गुरांच्या बाजारात फिरता यावं म्हणून पँट घालायची, आणि त्यासाठी पॅरिसमध्ये तेव्हा बाईला पोलिसांची लेखी परवानगी लागायची! आणि पुढची उलथलेली ढेकळं बघ, बैलांइतकीच मन लावून काढलीयत.

तिरपी रेघ:
बोनर भारीच, पण मला तिचे बैल जरा जास्तच धुतलेले वाटतात. माझं मत त्र्वायों या चित्रकाराला. तो आधी सेव्रच्या कारखान्यात चिनीमातीच्या भांड्यांवर रंगकाम करायचा, मग साधी निसर्गचित्रं, १८४७ मध्ये हॉलंडला गेला, तिथे पॉटर वगैरे जुन्या डच चित्रकारांनी काढलेली गुरं बघितली आणि गडी बदललाच. नांगरणीला निघालेल्या बैलांचं त्याचं चित्र (१८५५) चार मीटर रुंद आहे, बैल थेट आपल्या अंगावर येतात, सकाळचं ऊन त्यांच्या पाठीमागून, सावल्या आपल्याकडे. ऊन दाखवायला त्याला बैलच लागतात, नुसत्या शेतात ती मजा नाही.

रंगवेडी:
अच्छा म्हणजे उजेडासाठी पण! मेंढ्यांचं काय मग?

कोरा कॅनव्हास:
त्यासाठी शार्ल जाक. १८४९ ला मिले या चित्रकाराबरोबर बार्बिझों या खेड्यात राहायला गेला, मेंढ्यांत आणि कोंबड्यांत एक्सपर्ट, इतका की कोंबड्या पाळायचा आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. मिलेचं उलट, त्याच्या विणकाम करणाऱ्या मेंढपाळ मुलीच्या चित्रात (१८६४ च्या सलोंमधलं, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनातलं) मेंढ्या वेगवेगळ्या मोजता येत नाहीत, सगळा कळप एक पट्टा होऊन सपाट माळावर पसरलाय.

तिरपी रेघ:
बोनर, त्र्वायों, मिले, तिन्ही चित्रं पॅरिसच्या ओर्से म्युझियमची आहेत, त्यांच्या साइटवर बघ. आधी त्र्वायों!