प्रति: हल्ल्यानंतर नेत्याची भाषा

हल्ल्यानंतर नेत्याने सर्वांत आधी शत्रूला कठोर शब्दांत इशारा दिला पाहिजे, हे या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. पहिले शब्द ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यासाठी असावेत.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींत गोळीबार झाला आणि त्यात ५१ जण मारले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेतील भाषणाची सुरुवात ‘अस्सलाम अलैकुम’ या शब्दांनी केली आणि हल्लेखोराला प्रसिद्धीच हवी असल्याने त्याचे नाव आपण कधीही उच्चारणार नाही, असे सांगितले. ही मवाळ भाषा नव्हती, कारण त्याच आठवड्यात लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी जाहीर झाली आणि एप्रिलमध्ये तसा कायदाही झाला.

नॉर्वेचे तेव्हाचे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी २२ जुलै २०११ च्या हल्ल्यांनंतर, ७७ माणसे गेलेली असताना, अधिक लोकशाही आणि अधिक खुलेपणा हेच उत्तर असल्याचे म्हटले; मात्र भाबडेपणा नको, हेही त्यांनी त्याला जोडले. पुढे चौकशी आयोगाने पोलीस यंत्रणेतील त्रुटींवर बोट ठेवले, तेव्हा जबाबदारीही त्यांनी स्वीकारली.

आपल्याकडे २६/११ नंतर राज्याच्या गृहमंत्र्यांना एका वाक्यापायी टीका सोसावी लागली आणि त्यांनी राजीनामा दिला. मुंबईत लोक अजून अंत्यसंस्कारांतून परतत होते. ‘मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात’ हे त्यांचे वाक्य ते त्या वेळी कोणाला ऐकवणार होते?