भाडं रोख देतोय, पावती एकही नाही. आता काय करू?

चौथामजला:
मंडळी, 14 महिने झाले भाड्याच्या घरात राहतोय, भाडं पहिल्यापासून रोख. घरमालक काका माणूस म्हणून खूप चांगले, दर महिन्याला जायचं, नोटा द्यायच्या, ते मोजून घेणार, दोन गप्पा आणि आपण परत. पावती कधी मागितलीच नाही, मागणं बरं दिसत नाही असं वाटायचं. आता काकांची तब्येत बरी नसते म्हणून हिशोब त्यांचा मुलगा बघतो, आणि तो परवा म्हणाला की वहीत दोन महिन्यांची नोंदच नाहीये. पैसे मी दिलेत, शंभर टक्के दिलेत, पण दाखवू काय? भांडण करायचं नाहीये. मागचं कसं पटवून देऊ आणि पुढे काय करू?

कागदवेडी:
काहीच नाही असं नसतं हो, शोधा जरा. रोख दिलं म्हणजे कुठूनतरी काढलं असणार ना? बँकेचं 14 महिन्यांचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढा, भाड्याच्या तारखेच्या आसपास एटीएममधून तेवढी रक्कम निघालेली दिसेल. मग मेसेज चाळा, "काका उद्या भाडं घेऊन येतो" असं काहीतरी लिहिलेलं असेलच. आता पैसे काढले म्हणजे मालकालाच दिले असं काही होत नाही, मान्य, पण ते दोन महिने धरून दर महिन्याला तेच दिसलं की समोरच्याला सरळ नाही म्हणणं जड जातं. आणि आधी चॅट वाचवा! मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू असेल तर बंद करा, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. माझा फोन पाण्यात पडला तेव्हा बॅकअप नव्हता, सगळं गेलं, भाड्याचंच नाही तर बरंच काही, असो.

उंबरठा:
मी घर भाड्याने दिलंय, म्हणून दुसरी बाजू. मुलगा खोटं बोलतोय असं लगेच धरू नका, आमच्यासारखे लोक वही महिनाअखेरीस आठवून आठवून लिहितात, एखादा महिना राहून जातो.
पुढच्यासाठी सांगतो, नुसतं "भाडं मिळालं" लिहिलेली पावती अर्धीच कामाची. कुठल्या महिन्याचं ते हवंच, कारण दिल्याची तारीख वेगळी आणि महिना वेगळा, आणि महिना लिहिला नाही तर तुमचे आजचे पैसे मालक जुन्या बाकीत धरू शकतो, म्हणजे तुमच्या मते चालू महिना फिटला आणि त्याच्या मते चालूच महिना थकलेला. बाकी रक्कम, कोणी दिली, कोणी घेतली, कुठल्या घराची आणि सही. अर्धेच पैसे दिले तर "पैकी" लिहून बाकी किती तेही लिहा. डिपॉझिटची पावती कायम वेगळी. आणि मालक म्हणाला की नळ दुरुस्त करून घ्या आणि भाड्यातून कापा, तर ते बोलणं मेसेजवर आणा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच कापलेली रक्कम थकबाकी म्हणून तुमच्या नावावर निघते.

रिकामाखिसा:
एवढं कशाला, सरळ ऑनलाइन पाठवा ना, विषय संपला.

कागदवेडी:
@रिकामाखिसा संपत नाही. स्टेटमेंटमध्ये पैसे गेले एवढंच दिसतं, कशासाठी गेले ते नाही, म्हणून पाठवताना शेऱ्यात "मार्च भाडे" असं टाकायचं. आणि यांच्या बाबतीत मुलगा स्वतःचा खाते नंबर देईल. करारात नाव काकांचं, पैसे गेले मुलाला, उद्या काका म्हणाले मला मिळालेच नाहीत तर? "यापुढे भाडं या खात्यावर पाठवा" असं काकांकडून लिहून घ्या, मेसेज असला तरी चालेल. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, ते कोणीही एडिट करतं, बँकेचं स्टेटमेंट दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवा. कागदी पावतीचा फोटोही लगेच काढा, मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडतात, काही काळाने कोरा कागद हातात राहतो.

उंबरठा:
आणि मागच्या तारखा टाकून 14 पावत्या करू नका, ते अंगाशी येईल. त्यापेक्षा एकच कागद, आजची तारीख, "अमुक महिन्यापर्यंतचं भाडं मिळालं, बाकी काही नाही", खाली काकांची सही. घर सोडून डिपॉझिट परत मिळालं तरी तो फाडू नका.

चौथामजला:
अपडेट देतो. काल स्टेटमेंट घेऊन गेलो, मुलाला दाखवलं. एका महिन्याचा माझा मेसेज सापडला आणि खाली काकांचं "मिळाले" असं उत्तरपण होतं, मी विसरूनच गेलेलो. तो महिना त्याने लगेच मानला. दुसऱ्याचं एटीएममधून काढलेलं दिसतंय पण तारीख भाड्याच्या आठ दिवस आधीची, तो म्हणतो बाबांना विचारून सांगतो. काकांना आठवलं तर बरं. या महिन्याचं मात्र वहीत माझ्यासमोर लिहून घेतलं, महिन्याच्या नावासकट, आणि त्या पानाचा फोटो काढला, तर काका आतून म्हणाले, "अरे आधी मागायचीस की, मी काय नाही म्हणालो असतो का!"