सातारा-सांगलीकडे इंटरनेट कसे आले? आपले अनुभव लिहा

धागाकर्ता, सांगली

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, ही तारीख सगळीकडे वाचायला मिळते. पण ती मुंबई, दिल्ली आणि त्या वेळच्या कलकत्ता-मद्रासची तारीख आहे. सांगली, मिरज, कराड, सातारा, विटा, जत यांना अशी एक तारीख नाही. माझे मत असे की, आपल्याकडे इंटरनेट बहुतेकांना आधी दुसऱ्याच्या हातून मिळाले: कॅफेवाल्याच्या, कारखान्याच्या ऑपरेटरच्या, शेजारच्या शिकल्यासवरल्या मुलाच्या. स्वतःच्या हातात ते फार उशिरा आले. हे मत पटो न पटो, आपण काय पाहिले ते लिहावे. गतकाळाबद्दलचे उसासे कमी आणि तपशील जास्त असावेत, एवढीच विनंती.

निवृत्त दूरध्वनी कर्मचारी, सातारा

तारखेचा विषय निघाला आहे, म्हणून मी तारांपासून सुरुवात करतो. मी दूरसंचार खात्यात लागलो आणि १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे बीएसएनएल झाले तेव्हाही त्याच खुर्चीवर होतो. संगणक आला की इंटरनेट आले, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात त्याआधी एक्स्चेंज बदलावे लागते. सी-डॉट या सरकारी संस्थेची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे ग्रामीण भागात बसत गेली, त्यांत गावांसाठीचे १२८ पोर्टचे लहान यंत्रही होते, आणि त्यानंतरच इथल्या फोनला खात्रीने डायल टोन मिळू लागला. एक्स्चेंजपासून घरापर्यंतचा तुकडा मात्र तांब्याच्या जोडीचाच राहिला. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले की फोनवर नुसती खरखर येई. माणूस खरखरीतूनही बोलणे समजून घेतो. संगणकाला फोनच्या तारेशी जोडणारा मोडेम मात्र वेग कमी करीत खाली येतो आणि शेवटी जोडणीच सोडून देतो.

तरीही अशा लाईनवरून आलेला मजकूर सहसा चुकीचा नसे. त्याचे मोठे श्रेय विंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९७४ साली मांडलेल्या पद्धतीला जाते. माहितीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा क्रम लक्षात राहील अशी खूण ठेवायची आणि पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. आर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकन जाळ्याने, १ जानेवारी १९८३ पासून ही पद्धत स्वीकारली. त्यामुळे लाईन खराब असली तरी मजकूर बिघडण्याऐवजी उशिरा येई, आणि तोवर मीटर पळत राही. ग्राहकाची तक्रार ‘नेट स्लो आहे’ अशी असे. आम्ही खांबावर चढून जॉइंट उघडत असू.

माजी विद्यार्थी, विश्रामबाग

मी वालचंद महाविद्यालयात शिकत असताना ओळखीच्या एका डॉक्टरांकडे पुण्याचे इंटरनेट खाते होते. सांगलीहून त्यासाठी पुण्याला एसटीडी लावावी लागे, म्हणून सगळा कारभार रात्री ११ नंतर, पाव दर सुरू झाल्यावर चाले. खाते शेल प्रकारचे होते. चित्र नाही, माऊस नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायची पत्रे आम्ही आधीच टाइप करून ठेवत असू, मग जोडणी लावायची, पत्रे सोडायची, आलेली उतरवून घ्यायची आणि लगेच फोन ठेवायचा. चित्रांसह पाने दाखवणारा मोझॅइक ब्राउझर १९९३ मध्येच आला होता, हे आम्ही मासिकात वाचले होते. पण आमच्या पडद्यावरचे इंटरनेट १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी पाठवलेल्या पहिल्या ईमेलच्याच जास्त जवळचे होते. पुढे १७२ ने सुरू होणारे क्रमांक स्थानिक दराने लागू लागले आणि एसटीडीची कटकट संपली.

उत्पादक सभासदाचा मुलगा, वाळवा तालुका

या विषयात वारणेचे नाव यायलाच हवे. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणानगरचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. आमचा ऊस वारणेच्या साखर कारखान्याला जात असे. पूर्वी ट्रॉली गेल्यावर वजन किती भरले हे कळायला गट ऑफिस गाठावे लागे, नाहीतर स्लिपबॉय भेटेपर्यंत थांबावे लागे. केंद्र सुरू झाल्यावर ऑपरेटर नाव आणि नोंदीचा क्रमांक विचारून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कागद काढून देऊ लागला. वडील तो कागद तिथेच उभे राहून वाचत. खिशातली डायरी काढायची, तारीख बघायची, ट्रॉली आठवायची, टनेज ताडायचे आणि मग कागद चौघडी करून डायरीत ठेवायचा. पुढे उभा असलेला माणूस कितीही घाईत असो, हे झाल्याशिवाय ते जागचे हलत नसत.

बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना असे पुष्कळ काही या केंद्रांतून मिळेल असा गाजावाजा झाला होता. आमच्या गावाने त्यातून उसाची माहिती घेतली आणि बाकीच्याकडे फारसे पाहिले नाही. प्रकल्प फसला असे म्हणणाऱ्यांशी माझे यावरच भांडण आहे. शेतकऱ्याला जी माहिती पैशाशी थेट जोडलेली होती, ती त्याने पहिल्या हंगामापासून वापरली. नंतर मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत संगणकाच्या जागी मोबाईलवरच्या एसएमएसचा प्रयोग केला, तोही वजन आणि हिशेबाच्या याच माहितीसाठी. गावात संगणक सांभाळणे महाग पडते आणि फोन मात्र ज्याच्या-त्याच्या खिशात असतो, हा त्यामागचा साधा विचार होता.

माजी कॅफेचालक, सातारा

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली, आणि त्यानंतरच्या लाटेत मी राजवाड्याजवळ कॅफे टाकला. सगळ्या संगणकांना मिळून एकच डायल-अप लाईन होती. एखाद्याने फोटो उघडला की बाकीचे माझ्याकडे वळून बघत. पुढे भारनियमन वाढले, तेव्हा वीज जाण्याचे वेळापत्रक भिंतीवर आणि दोन बॅटऱ्या टेबलाखाली, अशी व्यवस्था करावी लागली.

बारावीच्या निकालाचा दिवस मात्र वेगळाच असे. दुपारी पान उघडायचेच नाही, कारण साऱ्या महाराष्ट्राची तिथेच झुंबड. मुले हॉलतिकीट काउंटरवर ठेवत, आम्ही बैठक क्रमांक टाकून वाट पाहत बसायचो आणि मागे पालक घाम पुसत उभे. गुण मोठ्याने वाचायचे नाहीत, असा नियम मी केला होता. निकाल छापायचा, घडी घालायची आणि ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. काही मुले घडी न उघडताच बाहेर पडत.

ज्या पोरांनी माझ्याकडे ताशी दराने माऊस धरायला शिकले, त्यांच्याच मोबाईलने माझा धंदा बसवला. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर उरलेसुरले गिऱ्हाईकही गेले. दुकान अजून चालू आहे: पीकविमा, शिष्यवृत्ती, नॉन-क्रिमिलेअर, आधारची कामे. धागाकर्त्यांच्या मताला हा घ्या पुरावा. फोन हातात आहे, पण फॉर्म भरायला माणूस लागतोच.

विट्याची सून

आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी घरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. माझे दीर तमिळनाडूत असतात. त्यांच्या मुलाचा फोटो आम्ही पहिल्यांदा विट्याच्या एका कॅफेत पाहिला. आत्याबाईही आल्या होत्या. फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होता. आधी टोपडे, मग कपाळ, मग डोळे. तिथेच तो अडकला. आत्याबाई पदर सावरून पडद्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “डोळं आमच्याच घरातलं हाईत. आता हनवटी दावा.” कॅफेवाल्या मुलाने पान पुन्हा लावले, तेव्हा कुठे हनवटी आली. आज व्हिडिओ कॉल रोजचा झाला आहे, पण आत्याबाईंचा फोन लावून द्यायला नातवंडेच लागतात.

डीटीपी ऑपरेटर, मिरज

माझे काम लग्नपत्रिकांचे. देवनागरीला युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या एकाच संकेतव्यवस्थेच्या, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली होती, तरी छपाईच्या धंद्यात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची संकेतव्यवस्था निराळी. मजकूर मेलने पाठवला की समोर तोच फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे, म्हणून आम्ही पत्रिकेचे चित्र करून पाठवायचो. आता गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये देते आणि मला तो छपाईसाठी जुन्या फॉन्टमध्ये उलटा फिरवावा लागतो. फिरवल्यावर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात. आहेराच्या टीपेत चूक झाली तर चालते, मामांच्या नावात नाही.

कराड

‘दुसऱ्याच्या हातून’ हे सर्वांना लागू नाही. बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ मध्ये आले. वेग २५६ केबीपीएस, आणि आमच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत. गजर लावून उठायचो आणि डाउनलोड लावून परत झोपायचो. यात मधे कोणीही नव्हते.

गावभाग, सांगली

ऑगस्ट २०१९ चा पूर आम्ही फोनवर पाहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट, कोयनेतून किती सोडले, अलमट्टीचा विसर्ग किती, हे आकडे दर तासाला येत होते. पण त्यांच्या जोडीने जुने व्हिडिओ आणि धरणाबद्दलच्या अफवाही तितक्याच येत होत्या. पातळी ५७ फुटांवर गेली तोवर वीज गेलेली, बरेच टॉवर बंद पडलेले. शेवटी आमच्या गल्लीत ज्याच्याकडे पॉवर बँक उरली होती, त्याच्याकडे सगळे बातमी विचारायला जात होते, आणि तो खरी कोणती, खोटी कोणती हे स्वतःच्या अंदाजाने ठरवून सांगत होता.

शेतकरी, कडेगाव तालुका

राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यावर वेगळी सही किंवा शिक्का लागत नाही, असे त्या कागदावरच छापलेले असते. मी तो मोबाईलवर काढला, छापून घेतला आणि पीककर्जासाठी बँकेत दिला. तिथल्या साहेबांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तलाठ्याचा शिक्का आणायला सांगितले. छापलेली ओळ दाखवली, तर ते म्हणाले, “ते बरोबर आहे हो, पण फाईलला शिक्का लागतो.” तलाठी भाऊसाहेब त्या दिवशी दुसऱ्या सजाला, म्हणजे त्यांच्याकडच्या दुसऱ्या गावी, गेले होते. कर्ज मिळाले, पण शिक्क्यासकट.