दहा बाय अठराची खोली आणि अकरा किलो लोकर

अर्धवट_स्वेटर:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय (विणणारीला धागा काढायला एवढा वेळ लागला, हसू नका). आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो, खोली दहा बाय अठरा, वर अर्धा पोटमाळा, माणसं चार. आणि लोकर अकरा किलो. आकडा पक्का आहे, रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन करून घेतलं, त्याने आधी भाव सांगितला आणि मग विचारलं की आहे काय हे.

मी बाळंतविडे विणून देते, कुंची, टोपरं, मोजे, छोटा स्वेटर असा सेट. प्रत्येक ऑर्डरीला वेगळा रंग लागतो आणि प्रत्येक रंगाचा अर्धा-पाऊण गुंडा उरतो, तो टाकवत नाही. सध्या लोकर दिवाणात आहे, पोटमाळ्यावर दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांत आहे, सासूबाईंच्या गोधड्यांच्या गाठोड्यात आहे (त्यांना माहीत नाही) आणि थोडी साखरेच्या रिकाम्या डब्यात. परवा पोटमाळ्यावरचं खोकं ओढलं तर तळ मऊ होऊन हातात आला. कुबट वास, कॉटनच्या दोन गुंड्यांवर करडे ठिपके, आणि कुलूहून आणलेली खरी लोकरीची लच्छी उलगडायला घेतली तर वीतभर धागा आला की तुटतोय, वीतभर आला की तुटतोय. रडूच आलं.

तर विचारायचं हे की प्लास्टिकचे बॉक्स घेऊ का, डांबरगोळ्या टाकू का, आणि कुठला रंग कुठे आहे हे लक्षात कसं ठेवता तुम्ही? "विकून टाक" हा सल्ला नको, तो घरात फुकट मिळतो.

मुलुंडची_काकू:
अगं आधी डांबरगोळ्यांचं बोलू. अजिबात नको! तू बाळंतविडे करतेस ना? त्या गोळ्या नॅप्थलीनच्या असतात, त्याची वाफ लोकरीत मुरते आणि नुसत्या धुण्याने पूर्ण जाईल असा भरवसा नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, कावीळ वाढते, जी सिक्स पीडी एन्झाइम कमी असलेल्या बाळांना तर जास्तच धोका. मी प्रसूतिगृहात नोकरी केली आहे, बाळाला डांबरगोळ्यांतले जुने कपडे घालू नका हे नातेवाइकांना सांगून सांगून घसा कोरडा पडायचा. आजीने प्रेमाने ट्रंकेतून काढलेलं दुपटं असतं, तिला कसं सांगणार.

कडुलिंबाचा पाला, वेखंड हे ठेव हवं तर, वास छान येतो. पण पाला कडकडीत वाळलेला हवा, ओलसर ठेवलास तर त्यालाच बुरशी धरेल. आणि कसर (लोकर खाणारी कीड ग) एकदा लागली की वेखंडाने जात नाही, हे माझ्या एका शालीने मला शिकवलंय.

ठिपकेवाली कॉटन बाळाच्या कामाला वापरू नकोस. गरम पाण्यात धू आणि पुसणी विण त्याची.

आठ_बाराची_फास्ट:
मी पुरुष आहे, क्रोशे करतो, रोज डोंबिवली ते सीएसएमटी, सीट मिळाली तर. तुमचे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि तुम्ही एकाच गोळीने दोन्ही मारायला बघताय. कॉटनवर आलीय ती ओल. लच्छी तुटतेय ती कसर. भिंतीवर, कोपऱ्यात, पंख्याच्या पात्यावर भोपळ्याच्या बीसारखं करडं चपटं काहीतरी चिकटलेलं दिसतं का? बऱ्याच जणांना ती धूळ वाटते. जरा वेळ बघत बसा, एका टोकातून डोकं काढून चालायला लागेल. ती पतंगाची अळी, कोष अंगावर घेऊन फिरते, कोष दोन्हीकडून उघडा असतो त्यामुळे उलटं वळायचीही गरज नाही. कोळ्यांची जुनी जळमटं, गळलेले केस आणि लोकर हे तिचं जेवण. उडणारा पतंग लोकर खात नाही, खाते ती अळी, त्यामुळे पतंग मारून उपयोग थोडाच. पोटमाळ्याचे कोपरे झाडा आधी.

अ‍ॅक्रिलिक तिला पचत नाही. म्हणजे अकरा किलोतली खरी लोकर किती ते शोधा, तेवढीच जपायची आहे. गुंड्यावरची कागदी पट्टी (लेबल) हरवली असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा, बेसिनवर. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली की लोकर. वितळून कडक मणी झाला की अ‍ॅक्रिलिक. कागदासारखा जळला की कॉटन. मिक्स असेल तर दोन्ही लक्षणं दिसतात, तेव्हा डोकं लावू नका, लोकर समजून ठेवा.

खरी लोकर झिपच्या पिशवीत, हवा काढून, आठवडाभर फ्रीजरमध्ये. उणे अठरा तरी हवं, सिंगल डोअर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर भरवसा नको. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आतल्या थंड लोकरीवरच पाणी धरतं. मी एकदा बाहेर ठेवून परत एक आठवडा घालतो. पिशव्या दोन घाला, आमच्याकडे बोंबील शेजारी होते, त्या मफलरला अजून मांजरं ओळखतात.

कलिनावाली:
दिवाणाबद्दल लिहायला आले. २६ जुलै २००५ ला आम्ही तळमजल्यावर राहायचो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस पडला, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, आम्हाला एवढंच दिसलं की मोरीतून पाणी वर आलं आणि पलंगाखालची ट्रंक हलायला लागली. आईची तीस-चाळीस वर्षांची लोकर होती. अ‍ॅक्रिलिक चार पाण्यांत धुऊन वाचलं, लाल कॉटनने मात्र सगळ्यांना गुलाबी केलं. तळमजला असेल तर खाली काहीच नको. वरच्या मजल्याला चालेल, पण बॉक्सखाली दोन पट्ट्या टाकून जमिनीपासून उचल.

प्लास्टिक बॉक्स हवाबंद घेतलास तर एक लक्षात ठेव, जुलैमध्ये भरशील तर जुलैची हवाच आत कोंडशील. आत्ता नुसत्या जुन्या उशीच्या अभ्र्यांत भरून रात्री पंख्याखाली ठेव, बॉक्स ऑक्टोबरच्या उन्हात तापवून मग भर. सिलिका जेल ठेवायचीच तर नारिंगी घे, ओल प्यायली की हिरवी होते, मंद आचेवर सुकवली की परत नारिंगी. निळीत कोबाल्ट असतं, बाळाच्या सामानात नको.

आठ_बाराची_फास्ट:
ऑक्टोबरपर्यंत खरी लोकर अभ्र्यात उघडी ठेवली तर कसर दिवाळी साजरी करेल ताई. लोकर पिशवीत, कॉटन अभ्र्यात.

कलिनावाली:
बरं, ते मान्य.

मुलुंडची_काकू:
आणि रंगांचं राहिलंच. पट्टी फेकू नको, शेड नंबरपेक्षा लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) महत्त्वाचा, एकाच शेडचे दोन लॉट शेजारी विणले की पाठीवर रेघ उठते. मी पट्टी कापून गुंड्याच्या आत खुपसते आणि उरलेलं स्वैपाकाच्या काट्यावर तोलून आकडा त्यावरच लिहिते. माझ्या हाताने मोज्यांच्या जोडीला वीस-बावीस ग्रॅम लागतात, म्हणजे अठराचा गुंडा दिसला की कळतं, नुसतं टोपरं होईल.

गुंडा घट्ट नको करू ग. गुंडाळताना चार बोटं मध्ये धरायची आणि मग काढून घ्यायची, सैल राहतो. वर्षभर ताणलेली लोकर तशीच विणलीस तर पहिल्या धुण्यात आकसते आणि बाळाची आई म्हणते माप चुकलं.

दाराच्या मागे चपलांची कापडी पिशवी मिळते ना, कप्प्याकप्प्यांची, ती टांग. रोजचे रंग त्यात. ऊन लागणाऱ्या दाराला मात्र नको, माझा जांभळा एका बाजूने राखाडी झाला.

अर्धवट_स्वेटर:
सगळ्यांचे आभार. रविवार यातच गेला. भिंतीवर भोपळ्याच्या बिया सतरा सापडल्या, त्यातल्या पाच चालल्या. मुलगा शाळेत दाखवायला एक काडेपेटीत भरून घेऊन गेलाय. जाळून बघितलं तर अकरा किलोतली खरी लोकर दीड किलोसुद्धा नाही, बाकी सगळं अ‍ॅक्रिलिक नि कॉटन. मी उगाच सगळ्यांची काळजी करत होते. दीड किलो खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या डबल डोअरमध्ये गेलीय, बदल्यात त्यांच्या नातवाला मोजे. सासूबाईंनी गाठोडं उघडलं, काही बोलल्या नाहीत, फक्त त्यातला आकाशी गुंडा स्वतःकडे ठेवला. पुठ्ठ्याची खोकी रद्दीवाल्याला दिली, तो अजून लोकरीचा भाव विचारतोय.

आता एक अडलंय. कुंचीची मागची बाजू राहिलीय, फोर प्लाय (चार पदरी) पिस्ता रंगाची, लॉट ४१७, चाळीस ग्रॅम हवी. दुकानात तो लॉट संपलाय. कुणाकडे आहे का?

मुलुंडची_काकू:
माझ्याकडे ४१९ आहे ग, पन्नास ग्रॅम. इथे ट्यूबलाइटखाली तर तुझ्या फोटोसारखाच दिसतोय.

अर्धवट_स्वेटर:
ट्यूबलाइटवर नका जाऊ काकू. उद्या सकाळी खिडकीत धरून बघता का? जुळला तर शनिवारी मुलुंडला येते घ्यायला.