'नवरा वारा घालतोय' म्हणजे काय? (कँटनीज, हाँगकाँगची भाषा)

प्रश्न: हाँगकाँगच्या ऑफिसात सहकारी वैतागून म्हणाली, "नवरा पंख्याने वारा घालतोय!" आणि तिथेच थांबली. सगळे हसले. पुढचं कुणी सांगेचना. कुणी उलगडून सांगेल का?

उत्तर: ही 'हित-हाउ-यू', म्हणजे दोन तुकड्यांची चिनी म्हण. पहिला तुकडा चित्र, दुसरा उकल. ऐकणाऱ्याला ठाऊक म्हणून उकल गाळतात. नवऱ्याने वारा घातला की बायको गार, 'त्साय लोंग'. 'केविलवाणी दशा' याचा उच्चारही अगदी तोच. सहकारी रडकुंडीला आली होती हो, तिची विचारपूस करा!

उत्तर: माझी लाडकी म्हणजे 'भिक्खूने छत्री धरली'. डोक्यावर केस नाहीत, वर आभाळ नाही. केस आणि कायदा दोन्ही 'फात', आणि आभाळ म्हणजेच देव, म्हणून अर्थ: ना कायद्याची चाड, ना देवाची भीती. ही चीनभर चालते. १९७० साली चीनचे नेते माओ यांनी अमेरिकन पत्रकार एडगर स्नोंना हेच ऐकवलं. स्नोंच्या लिखाणात मात्र हा श्लेष निसटला; त्यांनी फुटकी छत्री घेतलेला एकाकी भिक्खू रंगवला.

उत्तर: सगळीकडे उच्चाराचा खेळ नसतो. 'मुका वॉनटन (सारण भरलेले उकडीचे गोळे) खातो', म्हणजे किती खाल्ले हे त्याला मनात पक्कं माहीत. मीटिंगमध्ये गप्प बसून सगळं जोखणाऱ्याला हे चपखल बसतं.

प्रश्नकर्ती: आभारी आहे! उद्या तिला चहाला नेते.