मदत हवी आहे: बाबा रोबोच्या मशीनवर बसायलाच तयार नाहीत

अधीर७७
थोडक्यात लिहितो, वेळ नाही. बाबांना स्ट्रोक झाला, हात गेलाय, फिजिओच्या सेंटरला ते रोबोवालं मशीन आहे ना ज्यात हात बांधतात आणि समोर स्क्रीनवर फुगे फोडायचा गेम असतो, त्यावर आठवड्यातून तीनदा नेतो. आधी छान करायचे, घरी येऊन स्कोअर सांगायचे. आता तीन आठवडे झाले, मशीनवर बसले की डोळेच मिटून घेतात. काल तर पट्टा बांधायच्या आधीच म्हणाले "चल घरी". मी ओरडलो. मग दिवसभर कोणीच कोणाशी बोललं नाही. मोटिव्हेशन कसं आणायचं? "धीर धरा" सोडून काहीही सांगा.

निळाई
कोणता हात? स्ट्रोकला किती महिने झाले? खांदा दुखतो का? झोप कशी आहे? एवढ्या माहितीवर काय सांगणार कोणी.

अधीर७७
डावा. पाच महिने. खांदा दुखत नाही, विचारलंय. बोलतात व्यवस्थित, जरा जास्तच. याचा मोटिव्हेशनशी काय संबंध?

टिंब
मशीन सोडा आणि आरसा आणा. माझ्या सासऱ्यांना आम्ही रोज अर्धा तास आरशासमोर बसवायचो, लुळा हात आरशामागे आणि चांगला हात पुढे, म्हणजे आरशात बघितलं की दोन्ही हात हलतायत असं वाटतं. दीड महिन्यात बोटं हलली. साधं, घरच्या घरी, कुणाच्या वेळा सांभाळायला नकोत.

साधामाणूस
+१. रोबो म्हणजे नुसता दिखावा. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबोवाल्यांचा हात रोजच्या कामात काही जास्त चालला नाही. विषय संपला.

घारू
विषय असा संपत नसतो साहेब. त्याच चाचणीत रोबोवाल्यांच्या हाताची हालचाल थोडी सुधारली होती, फक्त ती कामात उतरली नाही. आणि जो तिसरा गट होता, माणसांकडून जादा व्यायाम करून घेतलेला, त्यांचाही हात ठरवलेल्या मापाने नेहमीच्या उपचारांपेक्षा पुढे गेला नाही. मग फिजिओपण दिखावाच का?

साधामाणूस
मी फिजिओला कुठे काय म्हणालो. नीट वाचा.

शब्दवेडा
रोबोला मराठीत यंत्रमानव म्हणतात. अर्थात इथे मानव कुठे आहे, नुसता हातच आहे, तेव्हा 'यंत्रबाहू' कसा वाटतो?

अधीर७७
तुम्ही लोक भांडा. मी उद्या सकाळी त्यांना गाडीत कसं बसवू ते सांगा.

मृण
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (रुग्णांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवते), तीन प्रश्न विचारते. १) डोळे मिटलेले असताना स्कोअर येतो का? २) तीन आठवड्यांपूर्वी मशीनच्या सेटिंगमध्ये काही बदललं का? ३) दाढी स्वतः करतात का, आणि डावा गाल राहतो का?

निळाई
दाढी??

अधीर७७
१) आधी यायचा, ऐंशी-नव्वद. एकदा डुलकी लागली होती तरी ८४ आला, तेव्हा हसत म्हणाले "ते आपलं आपणच खेळतंय, मला कशाला आणलंय". २) हो, फिजिओ म्हणाल्या आता मशीनची मदत कमी करू. त्यानंतर स्कोअर एकदम ३५ वर. हे सांगायचं राहिलं. ३) उजव्या हाताने करतात, डावीकडचे खुंट राहतात. आम्हाला वाटायचं घाई करतात.

मृण
तुमचे बाबा आळशी नाहीत हो, उलट त्यांना सगळं कळतंय. मशीन जास्त मदत करायला लागलं की माणूस नकळत हात सैल सोडतो, आपण कोणीही सोडू. म्हणून लागेल तेवढीच मदत द्यायची असते, पण ती हळूहळू काढायची. इथे नव्वद हे मशीनचे मार्क होते, पस्तीस हे त्यांचे पहिले स्वतःचे मार्क, आणि त्यांना ते नापास झाल्यासारखे वाटले. कोण बसेल परत?
दुसरं, खुंटांवरून डाव्या बाजूकडे लक्ष जात नसल्याची शंका येते. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला (त्यात हातही डावाच जातो) की असं होऊ शकतं. डोळ्यांना दिसतं, पण ती बाजू अस्तित्वातच नसल्यासारखी. आधी मशीन त्यांचा हात ओढून डावीकडच्या फुग्यावर न्यायचं, आता ते फुगे तसेच राहतात. इथे नुसतं वाचून नक्की सांगता येणार नाही, फिजिओंना तपासायला सांगा. असलं तर स्क्रीनच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून आधी ती शोधायची, मग खेळायचं. लेव्हल अशी ठेवायला सांगा की दहातले सात-आठ जमतील. आणि डॉक्टरांना मूडबद्दलही विचारा, स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं, ते ओरडून जात नाही.

टिंब
पण आरसा लावलात तर हे सगळं

घारू
टिंबताई, डावीकडे लक्षच जात नसेल तर आरशातला डावा हात तरी आपोआप कसा दिसेल?

अधीर७७
अपडेट. फिजिओंनी तपासलं, कागदावर रेघा ओढून दिल्या आणि सगळ्या खोडायला सांगितल्या, डावीकडच्या अकरा रेघा तशाच. लाल पट्टी लावली. मदत मधल्या पातळीवर आणली. मशीनमध्ये रेकॉर्ड असतो की किती जोर रुग्णाचा आणि किती मशीनचा, हे मला माहीतच नव्हतं, तो कागद काढून दिला. बाबांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "यातलं माझं किती?" तीन आठवड्यांत त्यांनी मशीनबद्दल काही विचारलं असेल तर हेच. स्कोअर ५८. माझ्याशी अजून फारसं बोलत नाहीयेत.

नवा_सदस्य
छान धागा. माझ्या आईचा गुडघा दुखतो, त्यासाठी असं मशीन असतं का?